मदत हवी आहे: फवारणीचं औषध कातडीतून किती शिरतं, हे काढताना विद्राव्यता धरू की टाकीतली मात्रा?

एम.एस्सी. रसायनशास्त्र, शेवटचं वर्ष. घर पांढरकवड्याच्या बाजूला. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झाली, तेव्हापासून गावात सगळे ‘औषध नाकातोंडात गेलं’ एवढंच बोलतात. पण पऱ्हाटी डोक्याला लागली की माणूस ओल्या पानांतूनच चालतो, आणि पंपाचं झाकण झिरपून सदरा पाठीला चिकटून राहतो. म्हणून प्रकल्पाला कातडीचाच रस्ता घेतला.

पॉट्स आणि गाय या संशोधकांचं 1992 चं समीकरण वापरतोय:
लॉग केपी = −2.7 + 0.71 × लॉग पी − 0.0061 × रेणुभार (केपी म्हणजे कातडीतून शिरण्याचा वेग, सेंमी/तास; लॉग पी म्हणजे रेणूची पाण्यापेक्षा तेलाकडे असलेली ओढ)

दोन कीटकनाशकं घेतली. प्रोफेनोफॉस (रेणुभार 373.6, लॉग पी 4.44): केपी साधारण 0.015.
मोनोक्रोटोफॉस (223.2, −0.22): 0.00006.

म्हणजे प्रोफेनोफॉस अडीचशे पट पुढे. पण किती शिरलं ते केपी गुणिले तीव्रता. मोनो पाण्यात हवं तितकं विरघळतं. प्रोफेनोफॉस मात्र लिटरला फक्त 28 मिग्रॅ. आता 50 ईसी (द्रावक नि इमल्सिफायर घातलेलं, पाण्यात दुधाळ मिसळणारं 50 टक्के औषध) लिटरला 2 मिली टाकलं तर टाकीत मिलीला 1 मिग्रॅ होतं, विरघळलेलं त्यातलं 0.028. कोणता आकडा घेऊ? उत्तरात पस्तीसेक पटींचा फरक पडतो! सर म्हणतात, टाकीतली मात्रा धर आणि पुढे जा. मला ते पटत नाही.

प्रतिसाद 1
0.028 च धर. हे समीकरण पाण्यातल्या विरळ द्रावणांवरून बांधलंय. ईसीचे थेंब फक्त पाणी संपृक्त ठेवतात. मात्र हा कमीत कमी अंदाज समज, कारण ईसीतला द्रावक नि इमल्सिफायर कातडीचा वरचा थर ढिला करतात आणि पाणी उडालं की थेंब सरळ अंगावरच बसतो. लॉग पी जास्त असेल तर क्लीक-बंगे दुरुस्तीही लाव, खालचा पाणीदार थर अशा रेणूंना अडवतो. प्रोफेनोफॉसला दहाएक टक्केच फरक पडेल, पण सायपरमेथ्रिन (लॉग पी 6.6) एक तृतीयांशावर येईल.
आणि भाऊ, केपी कमी म्हणून मोनोला सौम्य लिहू नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते 1बी (अतिघातक) गटात आहे, प्रोफेनोफॉस 2 (मध्यम घातक) मध्ये. शिवाय बाटलीतलं 36 टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रावण) उघड्या हातावर सांडलं तर तिथे तीव्रताच केपीची कसर भरून काढते. टाकी भरतानाचा हिशोब वेगळा मांड.

मूळ धागाकर्ता
धन्यवाद दादा, भरतानाचा तक्ता वेगळा करतो. आणखी एक. पॅराथिऑन या कीटकनाशकावरच्या जुन्या मोजणीत हाताच्या पुढच्या भागातून 8.6 टक्के शिरलं, काखेतून 64. पंपाचा पट्टा नेमका तिथेच घासतो. केपीला साडेसातने गुणून भागेल, की घामाने भिजलेल्या कातडीला अजून काही धरायचं?