गोखलेकाकांची सीट आणि पंधरा हजार माइल्स

सी-७०३ गोखले, सकाळी ७:१२
सर्व सभासदांना नमस्कार. सॅन फ्रान्सिस्कोहून परतल्याला आज सव्वीस दिवस झाले आणि विमान कंपनीचे उत्तर अखेर काल रात्री आले. त्या प्रवासात माझी सीट बिघडली, आडवे होता आले नाही आणि पाय सुजला, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, कारण मुंबईहून गाडी आली तेव्हा मला फाटकापासून घरापर्यंत व्हीलचेअरवरून तुम्हीच आणले होते. कंपनीने खेद व्यक्त केला आहे आणि पंधरा हजार माइल्स, म्हणजे त्यांच्याच तिकिटांसाठी वापरायचे गुण, देऊ केले आहेत. ते सात दिवसांत स्वीकारावेत, आणि स्वीकारल्यास तक्रार कायमची मिटली असे मानावे, असे त्यात लिहिले आहे. आम्ही जन्मात पहिल्यांदाच बिझनेस क्लासचे तिकीट काढले होते, आणि ते पाय सरळ ठेवून आडवे होता यावे एवढ्याच कारणासाठी काढले होते. मी काय करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

डी-३०१ डॉ. देशमुख, ७:२६
काका, आधी पायाची सूज कशी आहे ते कळवा. रक्त पातळ करण्याची गोळी माझ्या सल्ल्याशिवाय बंद करू नका.

सी-७०३ गोखले, ७:३१
सूज उतरली आहे, डॉक्टर. सोनोग्राफीत नवी गुठळी आढळली नाही. जिना उतरताना पोटरी अजून दुखते.

सी-४०४ मोडक, ७:४०
गोखलेसाहेब, माझा एकच प्रश्न आहे. सीट बिघडली होती, अशी विमानातील कर्मचाऱ्यांची लेखी नोंद आपल्याकडे आहे का?

ए-१०२ साळवी, ७:५५
गोखलेकाकांविषयी मला पूर्ण आदर आहे, परंतु ए विंगची लिफ्ट अठरा दिवसांपासून बंद आहे, आणि त्याविषयी मी लिहिले तेव्हा या ग्रुपवर दोन जणांनी उत्तर दिले. चार लाखांच्या तिकिटाचा प्रश्न आला की सर्वांना वेळ असतो, याची नोंद व्हावी.

सचिव, ८:०३
साळवीसाहेब, लिफ्टचा सुटा भाग मंगळवारी येणार आहे, हे सूचना फलकावर लावले आहे. आज काकांचा विषय चालू द्यावा, ही विनंती.

बी-२०४ शिंदे, ८:२०
तिकीट माझ्याकडून काढले असल्यामुळे मी स्पष्टीकरण देणे आवश्यक समजतो. तिकीट काढले तेव्हा आसनांच्या नकाशावर १-२-१ अशी नवी रचना (रांगेत खिडकीजवळ एकेक आणि मध्ये दोन सीट) दिसत होती. निघण्याच्या दोन दिवस आधी कंपनीने विमान बदलले आणि २-२-२ रचनेचे (सगळीकडे दोन-दोन सीटच्या जोड्या असलेले) जुने विमान आले. असा बदल करण्याचा अधिकार कंपनी आपल्या अटींमध्ये राखून ठेवते. तो एजंटच्या हातात नसतो. मी त्याच दिवशी काकांना कळवले होते.

सी-७०३ गोखले, ८:२९
शिंदे, तुम्ही रात्री साडेअकराला संदेश पाठवलात, हे खरे आहे. त्यात ‘सीट नंबर बदलला आहे, बाकी सर्व तेच’ असे लिहिले होते. बाकी सर्व तेच नव्हते.

ए-५०१ पेंडसे, ८:५२
मी एकतीस वर्षे विमानांच्या देखभालीच्या कामात होतो, म्हणून काही गोष्टी सांगतो. जुनी रचना हा एक मुद्दा झाला. त्यात खिडकीजवळच्या प्रवाशाला उठायचे असेल तर शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात, आणि वयस्कर माणसाला त्याचा त्रास होतोच. खरा मुद्दा मात्र सीट चालत नव्हती हा आहे. पाठ, बैठक आणि पायाखालचा भाग हलवण्यासाठी या सीटमध्ये वेगवेगळ्या मोटरी असतात, आणि मोटर बंद पडली तर हाताने सोडवण्याची कळही असते. काका, कर्मचाऱ्यांनी ती वापरून पाहिली का?

सी-७०३ गोखले, ९:१०
होय. उड्डाणानंतर तासाभराने जेवण झाले, दिवे मंद झाले, आणि मी बटण दाबले तेव्हा पाठ थोडी मागे जाऊन थांबली. आतून घरघर येत राहिली. हवाई सेविकेने दोनदा वीज बंद करून पुन्हा सुरू केली, मग गुडघ्यांवर बसून खालची कळ ओढली. पाठ खाली गेली, पण पायाखालचा भाग उचललाच जाईना. मुलगी मनापासून झटत होती, तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. नंतर त्यांच्या प्रमुख आल्या आणि म्हणाल्या की आणखी जोर लावला आणि सीट अर्ध्यावर अडकली, तर उतरताना ती सरळ करता येणार नाही. बिझनेस क्लास पूर्ण भरलेला होता. प्रीमियम इकॉनॉमीमध्ये एक जागा रिकामी होती, ती त्यांनी देऊ केली. मी नको म्हणालो. अकरा तासांच्या प्रवासातले नऊ तास उरले होते. शेवटी हिने आपली सीट मला दिली. तीन तास मी झोपलो, मग मी उठून तिला झोपवले, आणि ती दीड तासातच उठून पुन्हा मला ‘आता तुम्ही’ म्हणू लागली. सदुसष्ट वर्षांच्या बाईला मी त्या रात्री बसवून ठेवले, याचे मला पायाच्या दुखण्यापेक्षा अधिक वाईट वाटते.

बी-६०५ जाधव, ९:१४
काका, पुढच्या वेळी क्लबहाउसमधली आरामखुर्ची सोबत घेऊन जा, ती कधी बिघडत नाही 😄

डी-३०१ डॉ. देशमुख, ९:१९
जाधव, ज्या माणसाच्या पायात दोन वर्षांपूर्वी गुठळी झाली होती, त्याच्याविषयी आपण बोलत आहोत. चार तासांहून अधिक काळ न हलता बसून प्रवास केला की पायाच्या खोल शिरांत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसासाठी तो दुप्पट होऊनही अगदी कमी असतो. पूर्वी गुठळी झालेल्या माणसासाठी तो कमी राहत नाही. दाबाचे मोजे, दर तासाला चालणे आणि पाय उंच ठेवणे, हे मीच सांगितले होते. तिकीट बिझनेसचे काढा, हेही मीच सुचवले होते.

बी-६०५ जाधव, ९:२३
क्षमस्व, काका. मला ही पार्श्वभूमी माहीत नव्हती.

सी-४०४ मोडक, ९:३०
पुन्हा विचारतो. कर्मचाऱ्यांची लेखी नोंद आहे का? माझ्या भावाच्या सामानाच्या प्रकरणात याच एका कागदावाचून सर्व अडले होते.

ए-५०१ पेंडसे, ९:४१
साळवी, लिफ्टविषयी मीही दोनदा लिहिले आहे, हे आपण विसरू नये. आता काकांच्या विषयाकडे वळतो. सीट बिघडलेली असताना विमान उडवणे हा नियमभंग नाही. सीट सरळ स्थितीत पक्की असेल तर विमान सुटू शकते. परंतु केबिनमधल्या प्रत्येक बिघाडाची नोंद एका नोंदवहीत होते. काकांच्या सीटचा बिघाड आदल्या एखाद्या उड्डाणात नोंदला गेला असेल, तर ही सीट झोपण्यायोग्य नाही हे कंपनीला आधीच माहीत होते आणि तरीही तिने ती पूर्ण भाड्याला दिली, असा अर्थ होतो. तो अचानक आलेला बिघाड राहत नाही. काकांनी त्या सीटच्या मागील तीस दिवसांच्या नोंदी लेखी मागाव्यात. बहुधा कंपनी त्या देणार नाही, पण मागणी कागदावर आलीच पाहिजे.

बी-२०४ शिंदे, ९:५५
मी व्यवहाराचा सल्ला देतो. या कंपन्यांशी दीड-दोन वर्षे पत्रव्यवहार करण्यात माणूस थकून जातो. माझ्या पाच-सहा ग्राहकांनी माइल्स घेऊन विषय संपवला. थोडी घासाघीस केली तर पंधराचे तीस हजार होतील, आणि ते काकांच्या मुलीला वापरता येतील.

सी-७०३ गोखले, १०:०२
मुलीच्याच पैशांतून ते तिकीट निघाले होते, शिंदे. कंपनीने रोख पैसे घेतले आणि आता कंपनीच्याच दुकानात चालणारे कूपन देते, हे मला मान्य नाही.

बी-६०२ ॲड. कदम, १०:२५
काका, माइल्सच्या दुव्यावर कृपया काहीही दाबू नका. आता थोडे सविस्तर लिहिते, कारण दोन-तीन नियमांची सरमिसळ होण्याचा संभव आहे.

प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवले तर भाड्याचा भाग परत करावा लागतो, असा नियम युरोपीय संघात २००५ पासून लागू आहे. साडेतीन हजार किलोमीटरहून लांब प्रवासासाठी तो भाग ७५ टक्के आहे. आपल्याकडे डीजीसीए या विमान वाहतूक नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२३ पासून असाच नियम लागू केला, आणि त्यात आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी अंतरानुसार ३०, ५० आणि ७५ टक्के असे टप्पे आहेत. कंपनी युरोपीय असल्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोहून युरोपात येणाऱ्या टप्प्यालाही तिथला नियम लागू होतो. परंतु कंपनी म्हणेल की काकांना खालच्या वर्गात बसवलेलेच नाही, ते बिझनेसमध्येच होते. प्रीमियम इकॉनॉमीची जागा घेतली असती, तर हा ७५ टक्क्यांचा दावा पुष्कळ सोपा झाला असता. काकांनी ती नाकारली यात त्यांचा दोष नाही; मध्यरात्री समुद्रावर कोणाला नियम आठवतो?

म्हणून आपला मुख्य आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाच राहील. विकलेली सेवा दिली नाही, म्हणजे सेवेतील त्रुटी. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे पुण्यातच. मुदत दोन वर्षांची आहे आणि सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. दोघांचे जाण्यायेण्याचे मिळून सात लाख चौऱ्याऐंशी हजार असतील, तर काकांचे तिकीट तीन लाख ब्याण्णव हजारांचे होते.

ए-५०१ पेंडसे, १०:३३
असा निकाल आपल्या देशात कुठे झाला आहे का?

बी-६०२ ॲड. कदम, १०:४४
झाला आहे. हैदराबादहून सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला गेलेल्या एका दाम्पत्याच्या बिझनेस क्लासच्या सीट बटणाने मागे झुकत नव्हत्या. कंपनीने प्रत्येकी दहा हजार माइल्स देऊ केले. त्यांनी ते नाकारले. २०२४ मध्ये हैदराबादच्या जिल्हा आयोगाने ९७,५०० रुपये १२ टक्के व्याजाने परत करण्याचा आणि शिवाय एक लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सीट हाताने मागे करता येत होती, हा कंपनीचा बचाव चालला नाही. आपल्या प्रकरणात तर हाताने करूनही पायाचा भाग उचलला गेला नाही.

ए-१०२ साळवी, १०:५१
ही माहिती खरोखर उपयुक्त आहे, ताई. हाच कायदा लिफ्टच्या देखभाल कंपनीला लागू होतो का, हे सवडीने सांगावे.

बी-२०४ शिंदे, ११:०५
मग रक्कम किती मागायची तेही ठरवा. पूर्ण तिकिटाची मागणी केली तर कंपनी पत्र वाचणारसुद्धा नाही. काकांना जेवण, लाउंज आणि जास्तीचे सामान मिळाले होते, आणि जातानाचा प्रवास उत्तम झाला, असे त्यांनी स्वतःच मला फोन करून सांगितले होते.

सी-७०३ गोखले, ११:१२
जातानाचा प्रवास उत्तम झाला होता, हे मी आजही सांगतो. युरोप ते मुंबई या शेवटच्या टप्प्याचीही माझी तक्रार नाही. मला फक्त त्या एका रात्रीचे पैसे हवे आहेत.

बी-६०२ ॲड. कदम, ११:२०
काकांची ही भूमिकाच आपली ताकद आहे. एका व्यक्तीचे एका बाजूचे भाडे एक लाख शहाण्णव हजार. सॅन फ्रान्सिस्को ते युरोप साधारण नऊ हजार किलोमीटर, तिथून मुंबई साधारण साडेसहा हजार; म्हणजे अंतराच्या प्रमाणात त्या टप्प्याचा वाटा सुमारे एक लाख चौदा हजार होतो. तेवढी परतफेड मागू, आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून त्रासाची भरपाई वेगळी मागू. शिंदेसाहेब, विमान बदलल्याची कंपनीची मूळ सूचना आणि तिकीट काढतानाच्या आसन नकाशाचे छायाचित्र आपण द्याल का? आपल्यावर कोणीही आरोप करत नाही.

बी-२०४ शिंदे, ११:३४
देतो. नकाशाचे छायाचित्र मी तिकिटासोबत ईमेलवर पाठवले होते, ते काढून ठेवतो. आणि काका, तो रात्रीचा संदेश मी घाईत लिहिला होता. दुसऱ्या दिवशी फोन करून नीट सांगायला हवे होते.

सी-७०३ गोखले, ११:३८
तेवढे म्हणालात, पुष्कळ झाले.

सी-४०४ मोडक, ११:४०
मी तिसऱ्यांदा आणि अत्यंत नम्रपणे विचारतो. लेखी नोंद आहे का? ती नसेल तर कंपनी म्हणेल की सीट चालत होती आणि प्रवाशाला ती वापरता आली नाही.

बी-६०२ ॲड. कदम, ११:४४
मोडककाकांचा प्रश्न योग्य आहे आणि तो मी आधीच विचारायला हवा होता. काका?

सी-७०३ गोखले, ११:५२
माझ्याकडे काहीही लेखी नाही. मागण्याचे मला सुचलेच नाही.

सी-७०३ गोखले (काकू), दुपारी १२:१८
नमस्कार, मी यांच्या शेजारीच बसून वाचते आहे. सकाळपासून मोडक भाऊजी विचारत होते, पण मी स्वयंपाकात होते आणि फोन पाहिला नाही. हे माझ्या सीटवर झोपले होते तेव्हा त्या प्रमुख बाई पुन्हा विचारपूस करायला आल्या. मी त्यांना म्हटले की मुलगी विचारेल, तेव्हा काय झाले ते मला लिहून द्या. त्यांनी जेवणाच्या मेनूकार्डामागे सीट नंबर, वेळ, पायाचा भाग उचलला जात नाही आणि हाताने करूनही उपयोग झाला नाही, असे इंग्रजीत लिहून खाली सही केली. ते कार्ड माझ्या औषधांच्या पिशवीत आहे. ते एवढ्या कामाचे असेल, असे मला वाटले नव्हते.

बी-६०२ ॲड. कदम, १२:२१
काकू, त्या कार्डाला लॅमिनेशन करू नका आणि मूळ कार्ड कोणालाही देऊ नका. दोन्ही बाजूंचे छायाचित्र मला पाठवा. उद्या सायंकाळी सहाला मी तुमच्याकडे येते. तोवर बोर्डिंग पास, सोनोग्राफीचा अहवाल आणि कंपनीचे पत्र काढून ठेवा. माइल्स नाकारत असल्याचे पत्र सात दिवसांच्या आत जाईल, आणि पेंडसेकाकांची नोंदवहीची मागणी त्याच पत्रात घालू.

सी-४०४ मोडक, १२:२३
वहिनी, आपले आभार. मला एवढेच विचारायचे होते.