लोक आळशी नाहीत, लिनक्स दुकानात मिळत नाही

डीटीपीवाला : काल कुणीतरी लिहिलं, "लिनक्स घराघरांत पोचलं नाही, कारण लोकांना शिकायचा कंटाळा." राहवलं नाही. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त, फुकट संगणकप्रणाली. माझी आई साठीनंतर यूपीआय शिकली. मी लॅपटॉपसाठी कोल्हापुरात सहा दुकानं फिरलो, सगळीकडे विंडोज आधीच टाकलेलं. खोक्यातून जे निघतं तेच लोक वापरतात. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचंच कर्नल, म्हणजे गाभा, आहे, त्याचा क्लास लावला का कुणी?

पेंग्विनपंथी : कंटाळ्याचं मीच लिहिलं होतं, आणि अजून तेच म्हणतो. 2007 साली आसुस कंपनीचा ई-पीसी हा छोटा लॅपटॉप लिनक्स घालूनच विकायला आला. मायक्रोसॉफ्टने अशा छोट्या लॅपटॉपपुरती, म्हणजे नेटबुकपुरती, जुन्या विंडोज एक्सपीच्या विक्रीची मुदत वाढवली आणि गिऱ्हाईक तिकडे गेलं. दुकानात होतं, तरी नको झालं!

हिशेबनीस : दुकान सोडा, हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचं बोला. मी दोन वर्षं नेटाने उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, वापरलं. रिटर्नची शेवटची तारीख, रात्रीचे अकरा, डिजिटल सहीचा डोंगल काही केल्या ओळखेना. भावाला उठवून त्याचा विंडोज लॅपटॉप घेतला. तेव्हा तत्त्वं आठवत नाहीत हो. जर्मनीतल्या म्युनिक पालिकेने 2013 पर्यंत सुमारे 15,000 संगणक लिनक्सवर नेले आणि 2017 मध्ये परत फिरायचं ठरवलं. तेही आळशी?

पेंग्विनपंथी : म्युनिकमध्ये राजकारण होतं. केरळच्या शाळा बघा, मुलं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकताहेत.

डीटीपीवाला : शाळेतून बाहेर पडून ती मुलं माझ्यासारख्या छापखान्यात आली की? मराठी टायपिंगचं काय? मला 'दऱ्या' लिहायचं होतं, 'दर्या' उमटलं. दऱ्यांचा समुद्र झाला!

पेंग्विनपंथी : तो दोष लिनक्सचा नाही, तुमच्या बोटांचा. इनस्क्रिप्ट या प्रमाणित मराठी कळफलकावर शिफ्ट-जे, डी, मग य. विंडोजवरही हेच. शेवटचं लिनक्स कधी उघडलंत?

डीटीपीवाला : बोटांवर जाऊ नका, वीस वर्षं जुळणी करतोय.

हिशेबनीस : मूळ प्रश्न राहिला बाजूला. फोनेटिकवाल्यांना, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करणाऱ्यांना, 'ऱ' सापडतच नाही, हे मात्र खरं.

पेंग्विनपंथी : फोनेटिकनेच मराठीची वाट लावली. 1991 पासून प्रमाणित कळफलक आहे, तो शिकायला पंधरा दिवस लागतात. पुन्हा कंटाळाच!

डीटीपीवाला : आत्ता करून पाहिलं. 'ऱ्या' उमटला, तेवढं मान्य. पण जुने दिवाळी अंक युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांच्या एका सामाईक अक्षरसंकेताच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट टाकला तर पान दिसतं, दुरुस्तीचा कीबोर्ड ड्रायव्हर मात्र फक्त विंडोजचा. त्या फायलींचं काय करू, ते सांगा.