ग्लिया पेशी खरंच न्यूरॉनले सिग्नल देते का?

पऱ्हाटीवाला:
राम राम मंडळी. बीएस्सी सेकंड ईयरले आहो, गाव दारव्ह्याकडचं. पुस्तकात लिहून आहे का मेंदूतली ग्लिया पेशी न्यूरॉनले (सिग्नल नेणाऱ्या पेशीले) फक्त आधार देते, आन् काल मोबाईलवर व्हिडिओ पाह्यला तर त्यातली मॅडम म्हणे अ‍ॅस्ट्रोसाइट नावाची ग्लिया सोताच केमिकल सोडते आन् न्यूरॉनवर त्याचा असर होते. सरले विचारलं तं म्हणे सिलॅबसमंधी नाई. पेपरात लिहू काय?

वर्धेची ताई:
पुस्तक चूक नाही रे, जुनं आहे. १८५६ मध्ये जर्मन डॉक्टर फिरखोनं न्यूरोग्लिया नाव दिलं, ग्लिया म्हणजे डिंक, मग काय, बिचारी सालदारासारखी राबतच राहिली, तिला विचारतो कोण! त्यात तिच्यात न्यूरॉनसारखे विजेचे झटके उठत नाहीत, म्हणून इलेक्ट्रोड लावणाऱ्यांना ती मुकीच वाटली. १९९० मध्ये कॅल्शियम दाखवणारा डाय वापरून पाहिलं तर ग्लुटामेट (न्यूरॉन सिग्नलसाठी वापरतात ते केमिकल) टाकल्याबरोबर अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये कॅल्शियम वाढलं आणि त्याची लाट शेजारच्या पेशींत सरकत गेली. १९९४ मध्ये परपुरा वगैरेंनी डिशमध्ये दाखवलं की अ‍ॅस्ट्रोसाइट ग्लुटामेट सोडते आणि बाजूच्या न्यूरॉनमध्ये कॅल्शियम वाढतं.

बोंडअळी_७:
ताई, डिशमंधलं डिशमंधी. २०१० ले उंदरातला, पेशीत कॅल्शियम सोडणाऱ्या आयपी३ रिसेप्टर टाइप २ चा जीन काढला, अ‍ॅस्ट्रोसाइटमंधली कॅल्शियमची मोठी हालचालच बंद, तरी सिनॅप्स (दोन न्यूरॉनमधला जोड) जसाच्या तसा चालू. भांडण अजून मिटलं नाई बाप्पा. डी-सेरीन नावाचं दुसरं सिग्नल केमिकल तं काही लोक म्हणते मुख्यतः न्यूरॉनच सोडते.

वर्धेची ताई:
हो, ते खरंय. पण २०२३ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा आठवणीचा भाग) ग्लुटामेट पुडीत भरून सोडायची सगळी यंत्रणा असलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट सापडल्या, सगळ्या नाही, थोड्याच. मला वाटतं इतकी वर्षं एकाला दिसलं अन् दुसऱ्याला नाही, त्याचं एक कारण हेही असेल.

चहाबाज:
एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं केमिकल) राह्यलं ना. अ‍ॅस्ट्रोसाइट ते बी सोडते, बाहेर आलं का त्याचं अ‍ॅडेनोसिन होते, ते सिनॅप्सले दाबते, झोपही आणते. चहातलं कॅफिन त्याच अ‍ॅडेनोसिनच्या रिसेप्टरवर जाऊन बसते, त्याची जागा अडवते. म्हणून मी तिसरा कप पिऊन रायलो.

पऱ्हाटीवाला:
हाव, पण पेपरात?

वर्धेची ताई:
आधी आधार, पोषण, जास्तीचं ग्लुटामेट उचलणं हे लिही, मार्क त्याचेच. खाली एक ओळ: काही अ‍ॅस्ट्रोसाइट सिग्नलही सोडतात, याला ग्लायोट्रान्समिशन म्हणतात, मतभेद आहेत.

पऱ्हाटीवाला:
जमते. लाईन आली, मोटर चालू करून येतो, हरभऱ्याले पाणी राह्यलं.