नरसंहार, वंशसंहार की वंशविच्छेद?

प्रश्न : कंबोडियातल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीवर (१९७५ ते १९७९) एक लेख लिहिते आहे. एकाच पानात ‘नरसंहार’, ‘वंशसंहार’ आणि ‘हत्याकांड’ असे तिन्ही शब्द पडलेत. संपादक म्हणतात, एकच काय तो ठेवा. कुठला ठेवू?

उत्तर : एकच ठेवू नका. नेमक्या कंबोडियाच्या बाबतीत तर नाहीच. नॉम पेन्हच्या विशेष न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये नुऑन चिआ आणि खिउ सम्फान या ख्मेर रूजच्या नेत्यांना दोषी ठरवलं. पण वंशसंहाराचा गुन्हा धरला तो व्हिएतनामी आणि चाम मुस्लिम या अल्पसंख्याकांपुरताच. त्यातही चामांचा फक्त नुऑन चिआच्या माथी. त्या चार वर्षांत पंधरा लाखांहून जास्त माणसं गेली आणि त्यांतले बहुतेक ख्मेरच, म्हणजे कंबोडियातल्या बहुसंख्य समाजाचेच होते. त्यांच्यासाठी कलम लागलं ते ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’.

म्हणजे आकडा मोठा म्हणून वंशसंहार, असा हिशेब नाही. यामागचा मूळ शब्द ‘जेनोसाइड’ राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये घडवला, ग्रीक ‘गेनॉस’ला लॅटिनमधला मारण्याचा प्रत्यय जोडून. या गुन्ह्याविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या करारात राष्ट्र, वंश, वर्ण किंवा धर्म यांवरून ओळखला जाणारा समूह, तो समूह म्हणूनच, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू लागतो. राजकीय विरोधक त्या यादीत नाहीत. शहरी, शिकलेले, चष्मेवाले म्हणून मारलेले ख्मेर बाहेर राहिले ते त्यामुळे.

तेव्हा सरसकट मारण्याला ‘नरसंहार’, कायद्यातल्या गुन्ह्याला ‘वंशसंहार’. मी तरी असाच भेद पाळतो.

दुसरं मत : पण ‘संहार’च मला खटकतो. करारात पाच कृत्यं आहेत. त्यांत समूहात मुलं जन्मूच नयेत अशी व्यवस्था करणं आहे, आणि मुलं बळाने उचलून दुसऱ्या समूहात नेणंही आहे. यात कोणी मरत नाही, तरी गुन्हा तोच. ‘वंशविच्छेद’ त्यापेक्षा नेमका. आपल्याकडे ‘निर्वंश होवो’ असा शाप देतात, त्यातही मारण्यापेक्षा पुढे कोणी उरू नये हीच भावना असते. अडचण ‘वंश’ची आहे, मराठी कानाला तो आधी घराणं सांगतो, ‘वंशाचा दिवा’ आठवतो. धार्मिक समूह त्यात कसा बसवायचा?

उत्तर : विच्छेदाचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण ‘वंशसंहार’ रुळलाय आणि रुळलेला शब्द उखडायला कारण मोठं लागतं. मराठीत हा घोळ राहण्याचं एक कारण असं की आपल्या कोर्टांत तो घासलाच गेला नाही. भारताने करार १९५९ मध्ये मंजूर केला, पण हा वेगळा गुन्हा म्हणून दंडसंहितेत नव्हता आणि नव्या न्याय संहितेतही नाही. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातल्या सज्जन कुमार खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही उणीव बोलून दाखवली होती. ज्या शब्दावर आरोपपत्रच लिहिलं जात नाही त्याला धार कुठून येणार?

आणखी एक : ‘शिरकाण’ कोणालाच कसं आठवलं नाही? शिर्के घराण्याच्या कत्तलीवरून तो आला असं सांगतात. खरंखोटं इतिहासवाल्यांनी ठरवावं, पण ते खरं निघालं तर एका कुळाला लक्ष्य केल्याची आठवण त्यात आपोआप आहे.

उत्तर : मोह होतो खरा! पण आज ‘शिरकाण’ म्हटलं की तलवारी दिसतात. ख्मेर रूजच्या तुओल स्लेंग तुरुंगात कैद्यांचे फोटो काढून, कबुलीजबाब लिहून घेऊन, फायली लावून माणसं मारली. त्याला हा शब्द फार रांगडा पडतो.

‘हत्याकांड’ मात्र सांभाळून. ते एका जागेचं, एका घटनेचं असतं, जालियनवाला बागेसारखं. तरी तेच वंशसंहारही असू शकतं. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात आठ हजारांवर बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले, आणि माजी युगोस्लाव्हियासाठीच्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००१ मध्ये बोस्नियन सर्ब जनरल क्रस्तिचच्या खटल्यात त्याला वंशसंहारच म्हटलं. म्हणून ‘हे हत्याकांड होतं, वंशसंहार नव्हे’ असं वाक्य लिहिताना थांबायला हवं.

प्रश्नकर्ती : मग शीर्षकात ‘नरसंहार’, निकालाच्या परिच्छेदात ‘वंशसंहार’. ‘विच्छेद’ मला पटला, पण संपादकांच्या गळी उतरायचा नाही.