मदत हवी आहे: संत्र्याचे लाडू वळले जात नाहीत

नमस्कार ताई-दादांनो. आम्ही वरुडकडचे, मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) संत्री घरात आहेत. पोरांसाठी गॅस न पेटवता होणारे लाडू करतेय: खजूर, फुटाण्याची डाळ, जवसाची पूड, थोडे ओट्स. चव फक्कड, पण रस घातला की गोळा सैल पडतो, तळहाताला चिकटून बसतो. रस नाही घातला तर मग ते नुसते खजुराचेच लाडू!

वरची नारिंगी साल किसून घाला म्हणतात. पण आपल्या नागपुरी संत्र्याची साल सुटी, फुगलेली. किसणीवर दाबली की आत दबते आणि पांढरा भागही किसला जातो. मग कडवट. लिंबाला हा त्रास नाही, पण घरात संत्री असताना लिंबाचे कशाला करू?

साल सावलीत वाळवून मिक्सरमधून काढली तर वास टिकेल का? की सोलायच्या आधी अख्खं संत्रंच किसावं? जवसाची पूड आधी रसात भिजवून कुणी पाहिलंय का, ती पाणी ओढून घेते ना? आणि बागेत फवारणी झालेली असते, साल कशी धुता?

अजून एक, आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही. रस घातलेले लाडू फ्रीजबाहेर किती टिकतील?