अनुभव धागा (नाशिककरांसाठी, नावाऐवजी आपला भाग लिहा) : आपण बाहेर पडल्यावर घरात कुत्रं काय करतं?

इंदिरानगर (धागा माझाच)
शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझा मोती दुपारभर रडत असतो." मी शाळेत शिकवते, सकाळी निघते ती अडीचला परत येते. तो झोपून राहत असेल, अशीच माझी समजूत. दुसऱ्या दिवशी जुना मोबाईल कपाटावर टेकवून रेकॉर्डिंग लावून गेले. दार लागल्यावर चौथ्या मिनिटाला तो फटीला नाक लावून बसला आणि रडायला लागला. पंजांखालची फरशी लाळेनं ओली झालेली दिसत होती. घरी आल्यावर कुरतडलेली चप्पल पाहून मी त्याला रागवायचे, तो कान पाडून कोपऱ्यात जायचा आणि मला वाटायचं, चूक कळली याला. त्याला कळत काहीच नव्हतं, तो माझ्या आवाजाला घाबरत होता. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.
याला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात. हा सूड नाही की हट्ट नाही, एकटं राहण्याची भीती आहे. तुमच्याकडे काय झालं, काय उपयोगी पडलं, सविस्तर लिहा.

सातपूर
ताई, आमच्या शेरूचं तर मी हेल्मेट उचललं की सुरू व्हायचं. कंपनीत पाळ्या असल्यामुळे निघायची वेळ ठरलेली नाही, त्यामुळे तो हेल्मेटवरच नजर ठेवून असायचा. मग मी घरात हेल्मेट घालून चहा प्यायला लागलो. किल्ली खिशात टाकायची आणि सोफ्यावरच बसायचं. बूट घालायचे, पुन्हा काढायचे. आई म्हणायची, याला काय झालंय! पण दोन-तीन आठवड्यांत हेल्मेट उचललं तरी शेरू मान वर करेनासा झाला.
त्यानंतर दाराचा सराव. आधी नुसती कडी काढायची, मग बाहेर पाऊल टाकून लगेच आत. ५ सेकंद, १०, पुन्हा ७. सारखं वाढवत न्यायचं नाही, नाहीतर त्याला पुढचं कळतं. तो अस्वस्थ व्हायच्या आत परत यायचं, सगळं यावरच आहे. अर्ध्या मिनिटावर आम्ही आठ दिवस अडकलो होतो. सराव चालू असेपर्यंत त्याला खरोखर एकटं सोडायचं नाही, हेच सगळ्यात अवघड गेलं. माझी पाळी असेल तेव्हा तो बहिणीकडे सिडकोत. एकदा नाइलाजानं तीन तास सोडावा लागला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

नाशिकरोड
आमच्या पिल्लानं उशी फाडली तेव्हा मीही घाबरले होते. पण व्हिडिओत दिसलं की आधी दोन तास ते मस्त झोपलं, उठून खाऊ संपवला आणि मग उशीकडे वळलं. तो नुसता कंटाळा होता. सकाळचं फिरणं वाढवल्यावर थांबलं.

इंदिरानगर
हा फरक महत्त्वाचा आहे. घाबरलेलं कुत्रं बहुतेक वेळा आवडता खाऊसुद्धा सोडून देतं, आणि त्रास साधारण पहिल्या अर्ध्या तासातच दिसतो. दही भरून गोठवलेलं रबरी खेळणं मोती मी परत येईपर्यंत हुंगतही नसे. जाता जाता एक : खेळण्यात काहीही भरा, पण द्राक्षं आणि बेदाणे नकोत. आपल्या नाशकात ती घरोघरी असतात, पण कुत्र्याची किडनी त्यानं निकामी होऊ शकते.

गंगापूर रोड
२०२० मध्ये घरून काम होतं, तेव्हा आणलेली आमची राणी. ऑफिस सुरू झालं आणि तिचे हाल सुरू झाले. सोबत म्हणून दुसरं कुत्रं आणलं. ते निवांत झोपायचं आणि ही दाराशी रडायची, कारण तिला माणूस हवं होतं. पिंजऱ्यात ठेवून पाहिलं, तर गज ओरबाडून नखातून रक्त काढलं. पिंजऱ्याचा निर्णय माझा होता, तो मला आजही टोचतो. शेवटी डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन हे भीती कमी करणारं औषध सुरू केलं. घरात "वेड्याची गोळी कशाला" असं झालंच. पण तिला गुंगी आणायला ती गोळी नव्हती. भीती थोडी उतरली, तेव्हा कुठे सराव तिच्या डोक्यात शिरायला लागला. फरक दिसायला महिना-दीड महिना गेला. हे औषध मनानं सुरू करू नका आणि मनानं बंदही करू नका.

पंचवटी
आमचा बारा वर्षांचा आहे. म्हातारपणी अचानक रडायला लागला तर आधी तपासणी करा. आमच्याकडे सांधेदुखी निघाली.

इंदिरानगर
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मी शाळेत असते तेव्हा काकूच मोतीपाशी येऊन बसतात, भाजी इथेच निवडतात. संध्याकाळी आमचा सराव. काल मी खाली पार्किंगमध्ये उभी राहून मोबाईलवर त्याला बघत होते. अकरा मिनिटं तो पायपुसण्यावर पडून होता, बाराव्याला उठून दाराकडे पाहायला लागला. मी धावत जिना चढले. म्हणून आज आठच मिनिटं.