मदत हवी आहे: वादळानंतर लाईट नसताना गावाचं पाणी आणि मोबाईल चालू ठेवायचे, सोलर कसं आखावं? (श्रीवर्धन तालुका)

नमस्कार मंडळी,

श्रीवर्धन तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका छोट्या ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे. घरं सव्वादोनशे, पण बरीचशी गणपती-शिमग्यालाच उघडतात. कायम मुक्कामी माणसं साडेपाचशेच्या आसपास, त्यात म्हातारी जास्त. पुढच्या ग्रामसभेत विजेचा विषय विकास आराखड्यात घालायचा आहे. त्याआधी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. ताशी 110-120 किलोमीटरचा वारा. नारळी-पोफळी तारांवर आडव्या झाल्या, खांब मुळापासून कलले. लाईट यायला कितीतरी आठवडे गेले. काळोखाचं आम्हाला एवढं काही नाही, पण नळपाणी योजनेचा पंप बंद आणि टॉवरचं डिझेल संपल्यावर फोनही बंद. शेजारच्या काकूंचं इन्सुलिन आम्ही स्टीलच्या डब्यात घालून माठात सोडलं आणि माठाला ओलं फडकं गुंडाळलं. त्यांचा मुलगा मुंबईत. आई बरी आहे एवढं त्याला कळवायला एक जण मोटरसायकलवरून रेंज शोधत घाट चढून गेला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. म्हणजे हे पुन्हा होणार हे धरूनच चालायला हवं.

आता मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ काही रक्कम द्यायला तयार आहे. एका पुरवठादाराने शाळा आणि पंचायत कार्यालयावर 10 किलोवॅटचं ऑन-ग्रिड (म्हणजे विजेच्या लाईनला, ग्रिडला जोडलेलं) सोलर सुचवलंय. मी विचारलं, लाईट गेल्यावर हे चालेल का? तर नाही. ग्रिड गेला की त्याचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) आपोआप बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. कारण पटलं, पण मग बिल वाचेल आणि वादळात आम्ही होतो तिथेच. बॅटरीसह दर मागितला तर आकडा मंडळाच्या आवाक्याबाहेर गेला.

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं पाहिलं. 3 किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान आहे, पण ते घरगुती ग्राहकाला. पंचायतीच्या पंपाला त्याचा उपयोग नाही. त्यातल्या आदर्श सौरग्रामासाठी 5000 लोकसंख्येची अट, तिथेही आम्ही बाद.

तर मला विचारायचंय ते असं. कमीत कमी किती किलोवॅट आणि किती बॅटरी घेतली तर पाणी, फोन आणि औषधांचा फ्रिज एवढं तरी पंधरा दिवस चालेल? वादळ जूनमध्ये येतं, तेव्हा ऊन नसतं, त्याचं काय करायचं? खाऱ्या हवेत सांगाडा किती टिकतो? आणि बॅटरी बदलायची वेळ आली की पैसे कुठून? आमच्याकडे आधीच्या योजनेतले सोलरचे दिवे बॅटरी गेल्यावर पुन्हा कधी लागले नाहीत. तेच परत व्हायला नको.

प्रतिसाद

ताई, किलोवॅट नंतर ठरवा. आधी रोज किती युनिट लागतात ते काढा. खर्च तिथेच निम्म्यावर येतो.

तुमचा पंप 5 एचपीचा धरतो, म्हणजे तासाला साधारण 4 युनिट. विहिरीपासून टाकीपर्यंतची उंची 30 मीटर असेल तर तासाभरात वीस हजार लिटरच्या आसपास पाणी चढतं. साडेपाचशे माणसांना माणशी 40 लिटर म्हणजे 22 हजार लिटर. अडचणीच्या दिवसांत तास-सव्वा तास पंप चालला की झालं. दोनशे फोन चार्ज करायला 3 युनिट, छोटा फ्रिज एक-दीड, एका खोलीतले दिवे-पंखे एक. सगळं मिळून 10 युनिट. सगळ्या गावाची वीज बॅटरीत भरायला गेलात तर कुठल्याच मंडळाला परवडणार नाही.

पंप बॅटरीवर घेऊच नका. व्हीएफडी (मिळेल त्या विजेप्रमाणे पंपाचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा आणि उघडीप मिळेल तेव्हा थेट पॅनेलवर चालवा. साठवण टाकीत करायची. सिमेंटची टाकी बॅटरीपेक्षा कितीतरी वर्षं जास्त टिकते. मग 5-6 युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, 5 किलोवॅट पॅनेल आणि हायब्रिड इन्व्हर्टर एवढ्यात भागतं. हायब्रिड एरवी बिलही वाचवतो आणि लाईट गेली की ग्रिडपासून स्वतःला तोडून आतलं चालू ठेवतो.

जूनचं मात्र खरं आहे. चांगल्या उन्हात किलोवॅटमागे दिवसाला 4 युनिट मिळतात, दाट ढगात एकही मिळेल याची खात्री नाही. म्हणून छोटा डिझेल जनरेटर ठेवाच. निव्वळ सोलरवर पंधरा दिवस काढायचे म्हटलं तर खर्च दुप्पट-तिप्पट होतो. जनरेटर रोज दोन तास चालला तरी टाकी आणि बॅटरी दोन्ही भरतात, आणि डिझेल पुरवून वापरता येतं. हवामान खात्याचा इशारा हल्ली काही दिवस आधी येतो. तो आला की टाकी, बॅटरी, डिझेल सगळं काठोकाठ.

पॅनेल पत्र्यावर अजिबात नको, स्लॅबवरच, आणि उतार कमी ठेवा, 10 अंशांच्या आसपास. वीज थोडी कमी मिळेल, पण वारा खालून कमी उचलेल. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला), नट-बोल्ट 316 स्टेनलेस (खाऱ्या हवेत टिकणारं स्टील). साधे बोल्ट एका पावसाळ्यात तांबेरतात आणि पॅनेल उडतात ती तिथूनच. इन्व्हर्टर खोलीत, समुद्राकडच्या खिडकीपासून लांब. दिवाळीनंतर पाऊस थांबला की काचांवर मिठाचा थर बसतो, गोड्या पाण्याने धुवायला माणूस नेमा.

पैशाचं म्हणाल तर वित्त आयोगाच्या निधीत पाण्यासाठी बंधित (म्हणजे त्याच कामाला राखीव) भाग असतो, पंपाचं काम त्यात बसवता येतं का ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. बॅटरीसाठी घरटी महिना 20 रुपये. सव्वादोनशे घरांचे वर्षाला 54 हजार होतात. स्वतंत्र खातं उघडा आणि बंद घरांकडूनही घ्या, गणपतीत पाणी त्यांनाही लागतं.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, मनापासून आभार. टाकीचा मुद्दा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. पंपाची पाटी पाहिली, तो साडेसात एचपीचा आहे. म्हणजे 5 किलोवॅटवर बहुतेक ओढणार नाही. पंप बदलून 5 एचपीचा घ्यावा की पॅनेल वाढवावेत? आणि निविदेत बोल्ट, गॅल्व्हनायझिंग, वाऱ्याचा वेग या अटी नेमक्या कशा लिहाव्यात, याचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका. ग्रामसभेच्या आधी मंडळाच्या लोकांना दाखवायचा आहे.